बाळाबाईचं ऊन पाणी

कोपरखैरणे,
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

राजी,

वर आशीर्वाद लिहायचे की नाही, यावर दोन कागद फाडले. थोरला भाऊ म्हणून लिहावेत तर तुला ते नको असतील, आणि न लिहावेत तर आई विचारणार, "पयलं काय लिवलंस?" शेवटी नुसतं नाव लिहिलं. माझा, नंदिनीचा, पोरांचा, सगळ्यांचे नंबर तू सात वर्षांपूर्वीच ब्लॉक केलेस. टपाल ब्लॉक करता येत नाही हे माझ्या टाळक्यात आत्ता शिरलं.

आई पडली. नाताळच्या आदल्या दिवशी मोरीच्या उंबऱ्याला पाय अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, त्र्याऐंशी वय, ऑपरेशन झेपायचं नाही, घरी न्या आणि जपा. "जपा" म्हणजे काय ते तुला फोडून सांगायला नको. मी रजा टाकून इथे जुन्या घरीच मुक्काम ठोकलाय. करंजाड्याला फ्लॅटवर नेतो म्हटलं, लिफ्ट आहे, वारा आहे, नंदिनी हाताशी आहे, पण ती हूं की चूं करेना. त्या फ्लॅटमध्ये ती वास्तुशांतीनंतर एकदाही राहायला आली नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

रोज तुझं नाव निघतं. सकाळी तोंड पुसून झालं की सुरू.

"राजीला कळवलंस का रं?"

"कळवलं."

"काय म्हन्ली?"

"येते म्हणाली."

हे खोटं आहे, कारण पत्र मी आत्ता लिहितोय. पण आजारी माणसाला काहीतरी सांगावं लागतं. आता मी सांगून बसलोय, तर तू ये. दोन दिवसांसाठी ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या हातचं पाणी घेऊ नकोस, मी तेवढे दिवस करंजाड्याला जाऊन राहतो. तिच्याजवळ बस फक्त. त्या दिवसाचं जे काही मनात धरलं आहेस ते बाजूला ठेव. चुका सगळ्यांकडूनच होतात.

दाजींना नमस्कार.

धनाजीदादा


कोपरखैरणे,
रविवार, १२ जानेवारी २०२५

राजी,

उत्तर नाही. हरकत नाही, मी काही उत्तर मिळणारच असं धरून चाललो नव्हतो. तसं धरलं होतं थोडं.

मंडळाच्या बायकांनी सव्वीस जानेवारीला आईचा सत्कार ठरवलाय. अध्यक्षबाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "आज्जींची माहिती द्या ना दोन पानं, एकदम पहिल्यापासूनची." मला वाटलं, बसल्याजागी उरकून टाकू. पण पेन हातात घेतलं आणि लक्षात आलं, निम्मं तुलाच जास्त ठाऊक आहे. तू तिच्या पदराला धरून फिरायचीस, मी क्रिकेट खेळायचो.

जन्म एक्केचाळीसचा की बेचाळीसचा ते कुणी लिहून ठेवलं नाही. सोळाव्या वर्षी लग्न. बापू मशीद बंदरला गोणी वाहायचे, मग मार्केट वाशीला आलं आणि त्यांच्या पाठोपाठ आपणही खाडी ओलांडली. वसाहतीत तेव्हा सगळे तिशी-पस्तिशीतले. सासवा, आज्या, जाणती माणसं गावाला. बारसं, डोहाळजेवण कसंबसं आठवून व्हायचं, पण घरात माणूस गेलं तर काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. मग समोरच्या खोलीतली ती बाळंतीण गेली. तू सहा-सात वर्षांची असशील, मी तुला घेऊन जिन्यात बसलो होतो. बायका दारात दाटीवाटीने उभ्या, आत पाऊल कुणी टाकेना. आई आत गेली आणि लगेच बाहेर आली. आम्हाला वाटलं, ही पण घाबरली. ती म्हणाली, "पानी तापवा. गार पान्यानं न्हाऊ घालनार का तिला?"

कुणीतरी म्हणालं, "अवो, मेलेल्या मानसाला काय कळतंय?"

"कळत नाय हे तुला कुनी सांगितलं?" आई म्हणाली आणि बादली उचलली.

तिथून जे सुरू झालं ते चाळीस वर्षं चाललं. कुणाची बाई गेली की आईला बोलावणं. गुजराथी शेठची म्हातारी झाली, सेक्टरातली मल्याळी नर्स झाली. तळोज्याला एका भैय्याची बायको गेली, त्याच्या खोलीला मोरीच नव्हती, तर आईने दोरीला दोन लुगडी बांधून आडोसा केला. दिवाळे गावात पुतळामावशीची सासू गेली तेव्हा दोघींची ओळख झाली. तेव्हापासून मावशी मासळी विकून झाली की पाटी आपल्या जिन्याखाली ठेवायची आणि आईबरोबर निघायची. जोडीच झाली त्यांची. एक पाणी ओतायची, एक वेणी घालायची. आई बोलायची त्या बायकांशी. "हात वर कर बाई, झालंच आता." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मोबदला म्हणून कुणी साडी पुढे केली तर ती एवढी भडकायची की शेठलोकसुद्धा मागे सरायचे.

कोरोनात मात्र तिला कुणी जवळ जाऊ देईना. बायका पिशवीत बांधून गेल्या. ती गॅलरीत बसून म्हणायची, "बिनआंघुळीच्या चालल्या रं सगळ्या." त्या दोन वर्षांत ती खरी म्हातारी झाली.

एवढं लिहून मी मंडळाला दिलं. अध्यक्षबाईंनी वाचलं आणि विचारलं, "घरातल्या कुणाला नाही का घातली त्यांनी अशी आंघोळ?" मी म्हटलं, आमच्या घरात तशी वेळच आली नाही.

राजी, मी असं म्हणालो.

तुझ्या प्रियाचं नाव तोंडातून निघालं नाही. सतरा वर्षांची पोर चार दिवसांच्या तापाने जाते आणि तिच्या मामाला ते नाव घेता येत नाही. तुला वाटतं, गावभर बायकांना न्हाऊ घालणारी आई नातीसाठी मात्र आली नाही. पण मी तेव्हाही सांगितलं होतं, दाजींचा फोन आल्यावर आम्ही थांबलो नाही. आम्ही तसेच्या तसे उठून निघालो. रहिमतपूर काय जवळ आहे? घाटात अख्खी दुपार गेली. आईचा यात काही दोष नाही, एवढं तरी मान.

ती विचारते, राजी कुठवर आली. मी म्हणतो, दाजींना सुट्टी मिळाली की निघेल. लवकर ये, माझ्याजवळची कारणं संपत आली.

धनाजीदादा


कोपरखैरणे,
सोमवार, २० जानेवारी २०२५

राजी,

काल दुपारी पुतळामावशी आली होती. आईला सुरमईचं कालवण आणलं होतं, आईने बोट बुडवून चाखलं फक्त. मग दोघी बोलत बसल्या. मी पलीकडे पेपर वाचत होतो.

मावशी म्हणाली, "बाय, तुजी राजी कवा येनार हाय?"

आई म्हणाली, "येनार म्हन्तो धना. पुतळे, तिनं मला त्या दिवशी दारातच इचारलं व्हतं, जेवून आलात का म्हनून. मी व्हय म्हनले. जेवलेच व्हते की मी, खोटं कशाला बोलू? तवापासनं ती माझ्याशी बोलली नाय. मानूस एवढ्यावर रागावतं का गं?"

मावशीने कालवणाच्या वाटीवर झाकण ठेवलं. मी पेपर तसाच धरून बसलो. पुढची ओळ वाचता येईना.

आता सरळ लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

फोन येताच आम्ही निघालो नव्हतो. दाजींचा फोन सकाळी आठ चाळीसला आला. मी करंजाड्याच्या हॉलमध्ये पीतांबर नेसून वास्तुशांतीच्या पाटावर बसायच्या बेतात होतो. गुरुजी कलश मांडत होते, खाली केटररने दोनशे माणसांचा स्वयंपाक चढवला होता, आई आतल्या खोलीत बायकांना गजरे वाटत होती. दाजी म्हणाले, "प्रिया गेली. राजी म्हणते, आई आल्याशिवाय पोरीला कुणी हात लावायचा नाही." मी म्हणालो, "निघालोच. आईला गाडीत बसवतोय." असं म्हणालो आणि फोन ठेवून पाटावर जाऊन बसलो.

आपल्याकडे काय करतात ते तुला ठाऊक आहे. मांडव पडलेला असला की मयताची बातमी दाबून ठेवतात. सुतक ऐकल्यापासून धरायचं, तेव्हा ज्याच्या कानावर पडलं त्याने कार्य उरकेपर्यंत गिळून बसायचं. तुझ्या लग्नात थोरल्या आत्याची बातमी तात्याकाकांनी वरात निघेपर्यंत दाबली होती आणि पुढे सगळी भावकी म्हणाली, तात्या शहाणा माणूस. मलाही तसलं शहाणं व्हायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं घर झालं होतं. वाटलं, चार तासांचा प्रश्न आहे, होम उरकला की सांगू. आईचा फोन मी बंद केला आणि ओट्याखाली तांदळाच्या डब्यामागे ठेवला. नंदिनीलासुद्धा सांगितलं नाही.

दाजींचे मधे दोन फोन आले. एकदा पनवेल सोडलं म्हणालो, एकदा घाटात अडकलोय म्हणालो. मागे गुरुजींचा आवाज येऊ नये म्हणून जिन्यात जाऊन बोललो. पूर्णाहुती झाली, पंगत बसली, आईने आग्रह करून करून लोकांना जिलेबी वाढली, मग स्वतः जेवली. अडीच वाजता मी तिला म्हणालो, आत्ता फोन आलाय. ती हात धुवायला उठली होती, तशीच खाली बसली. मग पाच तास गाडीत एक शब्द बोलली नाही. फक्त खोपोलीला म्हणाली, "माझ्यासाठी थांबली आसंल ती. गाडी जोरात घ्या."

तुम्ही चारपर्यंत थांबलात. मग गावाने थांबू दिलं नाही. पोरीला शेजारच्या बायकांनी घाईघाईत पाणी घातलं, हे मला दाजींनी नंतर सांगितलं.

आणि वसाहतीतल्या आपल्या जुन्या शेजारणीने दुपारी आईचा फोटो स्टेटसला टाकला होता, हातात जिलेबीचं ताट, तोंडभर हसू. तो तू पाहिलास. म्हणून तू दारात विचारलंस, जेवून आलात का. तुला वाटलं, आईला सगळं कळलं होतं आणि तरी ती पंगत उरकून आली. मला हे तेव्हाच उमगलं होतं. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. नाही बोललो. नंतर प्रत्येक दिवस गेला तसं बोलणं जड होत गेलं.

आईला काही माहीत नव्हतं, राजी. अजूनही नाही. तिला वाटतं तिची चूक जेवण्याची झाली.

आता तरी ये. आई अजून माणसं ओळखते. मला शिव्या दे, भावकीसमोर उभा कर, मी उभा राहीन. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तू आलीस की दोघींना एकदमच सांगेन, दोनदा सांगायची ताकद माझ्यात नाही.

धनाजी


कोपरखैरणे,
गुरुवार, ३० जानेवारी २०२५

राजी,

रजिस्टरची पोच मिळाली. दाजींची सही आहे, तारीख तेवीस. म्हणजे आठवडा झाला तुला सगळं कळून.

सत्कार झाला. बायका घरीच आल्या, गोधडीवरून शाल पांघरली, नारळ उशाशी ठेवला. आई म्हणाली, "कुनाचं लगीन हाय?" सगळ्या हसल्या आणि मग एकेक जण बाहेर जाऊन रडली. कालपासून ती अन्न घेत नाही. चमच्याने पाणी घातलं तर ओठांच्या कडेने बाहेर येतं. दाराकडे तोंड करून निजवा म्हणाली, तसं निजवलंय.

तू माझ्यावर राग धर, जन्मभर धर. पण तिच्यावर कशासाठी? खरं काय ते कळूनही तू येत नाहीस म्हणजे हद्द झाली. मी वाईट आहे ते कबूल, पण मीसुद्धा एवढा दगड नाही.

हे स्पीड पोस्टाने टाकतोय, यायचं तर हातात पडताच नीघ.

धनाजी


करंजाडे,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

राजी,

परवा तेरावं झालं. आधी हे लिहितो की मागच्या पत्रात तुला दगड म्हणालो, ते तू वाचलं नाहीस याचं मला बरं वाटतंय.

आई दोन तारखेला सकाळी साडेसहाला गेली. मी चहा ठेवायला उठलो होतो. परत आलो तर संपलं होतं. पुतळामावशीला कळवलं, ती मासळीची पाटी तशीच बाजारात टाकून आली. मंडळाच्या बायका पाणी तापवायला लागल्या तर तिने अडवलं. "थांबा जरा. लेकीला इचारू द्या." आणि कनवटीचा फोन काढून तिने तुला लावला. पहिल्या रिंगला तू उचललास. मावशीचा नंबर तू कधी बंद केलाच नव्हतास. एवढे दिवस मला ते सुचलं नाही, असं लिहिणार होतो. सुचलं होतं. पण मग मावशीला सगळं कारण सांगावं लागलं असतं.

दीड वाजता तुमची गाडी आली. तू बारीक झाली आहेस, केस पांढरे झालेत. माझ्याकडे न बघता आत गेलीस आणि म्हणालीस, "पाणी ऊन आहे ना?" मग दार लोटलं.

मी स्वयंपाकघरात पातेली चढवत होतो आणि बादल्या दाराशी नेऊन ठेवत होतो. त्या घराचं दार कधी नीट लागत नाही, तुला माहीत आहे. तिसरी बादली ठेवताना तुझा आवाज आला. मला वाटलं, तू मावशीशी बोलतेस. तू आईशी बोलत होतीस.

"आई, माझ्या प्रियाला तू आंघोळ घालायला आली नाहीस. मी वाट बघत होते आणि तू तिकडे जिलेब्या वाढत होतीस. सात वर्षं मी ते धरून बसले. आता सोडलं. मी तुला माफ केलं, जा तू सुखानं."

मग पाणी ओतल्याचा आवाज आला.

मी बादलीची कडी हातात धरून तसाच उभा राहिलो. मला कळेना, सगळं वाचूनही ही असं कसं म्हणते? दार ढकलून आत जाऊन सांगता आलं असतं. तिथे आईही होती, तूही होतीस, दोघी एका खोलीत, मला जशा हव्या होत्या तशाच. मी मागे फिरलो आणि दुसरं पातेलं गॅसवर ठेवलं.

संध्याकाळी स्मशानातून आल्यावर दाजींनी मला बाजूला घेतलं आणि रुमालात गुंडाळलेली चार पाकिटं दिली. एकाचीही कड फाटलेली नाही. म्हणाले, "मी सह्या करून घेत होतो, ती कपाटावर टाकत होती. मी उघडू का म्हटलं तर हात जोडले तिनं. तुमची तुम्हाला परत द्यायला सांगितलीत." त्यांना वाटलं, मला वाईट वाटेल. चांगला माणूस आहे.

तेव्हाही तू दारात चपला घालत होतीस. पाच पावलांवर. मी जवळ आलो, तू पहिल्यांदा वर बघितलंस, आणि मी म्हणालो, "चहा घेऊन जा."

"नको," म्हणालीस आणि गेलीस. दहाव्याला आलीस तेव्हा मी भटजींच्या मागे लपल्यासारखा बसलो होतो. तेराव्याला तू आलीच नाहीस.

काल नंदिनीला सगळं सांगितलं. ज्या पाटावर माझ्या शेजारी बसून तिने होम केला त्याच्याबद्दल तिला सात वर्षांनी कळलं. ती उठून देवघरापुढे जाऊन बसली. शिवतेज म्हणाला, "बाबा, आत्याला फोन करून टाका ना." पोरांना सगळं फोनवर होतं असं वाटतं.

हे पत्र मी पाकिटात घालत नाही. उद्या सकाळच्या एसटीने ते घेऊन मीच रहिमतपूरला येतोय. आधीची चारही बरोबर आणतो. दार उघडलंस तर हातात देईन. नाही उघडलंस तर बाहेर उभं राहून मोठ्याने वाचेन, सगळी गल्ली ऐकू दे. दाजींना सांगून ठेवतो, मधे थांबलो तर कागद माझ्या हातातून घ्या आणि तुम्ही वाचा.

तू माफी दिलीस त्यातली एकही गोष्ट आईने केली नव्हती. तिला कळलं असतं तर हातातली जिलेबी टाकून ती अनवाणी निघाली असती. तू ती माफी परत घे. माझ्यासाठी ठेवू नकोस, मी मागत नाही. फक्त तिच्या अंगावरून ती काढ.

कारण ती म्हणायचीच ना, मेलेल्याला कळत नाही हे तुला कुणी सांगितलं. मग तिने तुझं बोलणं ऐकलं असणार. आपण पोरीला टाकून पंगत उरकली हे तिला पहिल्यांदा तिथे, त्या पाटावर, तुझ्या तोंडून कळलं असणार, आणि ते खरं मानून ती गेली असणार. तुला सांगायला मी येतोय. तिला आता कोण सांगणार?

धनाजी